काच नेमकी कुठे बसवायची?

२०२४ सालच्या ऑगस्टचा पहिला आठवडा सरत होता आणि ढाक्याच्या चौकाचौकांत कॉलेजची मुलंमुली शिट्ट्या फुंकत वाहतूक सांभाळत होती. गळ्यात ओळखपत्र, हातात काठी नाहीतर मिटलेली छत्री, आणि रिक्षावाल्यांना एका बाजूने रांग धरायला सांगणारा दरडावणीचा, पण नवशिका आवाज. ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या आणि पोलीस रस्त्यावरून नाहीसे झाले. शेकडो ठाण्यांवर हल्ले झाले होते, कित्येक जळून गेली होती. चौकातल्या त्या मुलांची छायाचित्रं जगभर फिरली. त्या रात्रींची मात्र फारशी फिरली नाहीत. दरोडेखोर आल्याच्या आवया, मशिदींच्या भोंग्यांवरून ‘जागे राहा’ अशा सूचना, गल्लीच्या तोंडाशी लाठ्या घेऊन बसलेले बापलेक. कालपर्यंत जे पोलीस नकोसे होते, ते नाहीत म्हणून लोकांना झोप नव्हती.

इजिप्तने हे १३ वर्षं आधी अनुभवलं होतं. २५ जानेवारी हा तिथला पोलीस दिन. १९५२ साली याच दिवशी इस्माइलियात ब्रिटिश सैन्यापुढे शस्त्रं टाकायला नकार देऊन सुमारे ५० पोलीस मारले गेले, त्यांच्या आठवणीचा. २०११ साली आंदोलकांनी मुद्दाम हाच दिवस निवडला. तीन दिवसांत कैरोच्या रस्त्यांवरून पोलीस दिसेनासे झाले आणि वस्त्यावस्त्यांतून लोकांनी आपले पहारे बसवले. देशासाठी मेलेल्यांच्या नावाचा दिवस साठ वर्षांनी त्याच खात्याच्या विरोधात वापरावासा वाटला, यात सगळं आलं.

हुकूमशाही गेल्यावर नवं सरकार जी ठरावीक वाक्यं बोलतं, त्यातलं एक असतं: ‘जनतेचा पोलिसांवरचा विश्वास पुन्हा मिळवायचा आहे.’ मला या वाक्याचंच वावडं आहे. काल ज्यांनी गोळी झाडली त्यांच्यावर आज विश्वास ठेवा, असं मेलेल्याच्या आईला कुठल्या तोंडाने सांगणार? नव्या लोकशाहीने लोकांकडे विश्वास मागण्याआधी त्यांना अविश्वास दाखवायची सोय करून द्यावी. म्हणजे पोलिसावर संशय घेता यावा, तो लेखी नोंदवता यावा, आणि नोंदवून घरी परतताना मागे कुणी येतंय का हे वळून बघावं लागू नये. ही सोय झालेली नसताना पाहण्यांमध्ये झळकणारा विश्वास हा उसन्या दागिन्यासारखा असतो. लग्नात मिरवता येतो, पण आपला नसतो.

सरकारं सुरुवात करतात ती बहुधा कपड्यांपासून. बांगलादेशात तर गणवेश बदलण्याची मागणी खुद्द पोलिसांनीच केली होती. ६ ऑगस्टपासून खालच्या दर्जाच्या पोलिसांनी काम बंद ठेवलं, मागण्यांची यादी पुढे केली, त्यात हीही एक होती. समजण्यासारखं आहे. त्या आठवड्यात तो गणवेश घालून घराबाहेर पडणं जिवावरचं काम होतं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अंतरिम सरकारने नवा रंग ठरवला, लोखंडाचा. स्पेनने हुकूमशहा फ्रँकोनंतर हेच केलं. करड्या गणवेशामुळे लोक ज्यांना नुसतं ‘करडे’ म्हणायचे, त्या सशस्त्र पोलिसांना १९७८ साली नवं नाव आणि तपकिरी कपडे मिळाले, मग १९८६ साली निळे. पण १९७७च्या माफीच्या कायद्यामुळे जुन्या काळातल्या छळाबद्दल कुणावर खटला उभा राहिला नाही. मॅड्रिडच्या कोठडीत राजकीय कैद्यांना मारहाण करण्यासाठी कुप्रसिद्ध असलेला एक अधिकारी २०२० साली वारला, तेव्हाही त्याची पदकं आणि पदकांमुळे वाढलेलं निवृत्तिवेतन शाबूत होतं. मार खाल्लेली माणसं त्याच शहरात म्हातारी होत होती.

दक्षिण आफ्रिकेने नुसता रंग बदलला नाही, शब्दही बदलला. १९९५च्या कायद्याने वर्णद्वेषी राजवटीतलं पोलीस दल आणि तथाकथित स्वायत्त प्रांतांची वेगवेगळी दलं एकत्र करून ‘पोलीस सेवा’ उभी राहिली. लष्करी हुद्दे काढले, ‘जनरल’चे ‘कमिशनर’ झाले. २०१० साली हुद्दे परत आले, कारण गुन्हेगारी वाढली होती आणि सरकारला खमकेपणा दाखवायचा होता. १६ ऑगस्ट २०१२ला मारिकाना इथे पोलिसांनी संपावरच्या ३४ खाणकामगारांना गोळ्या घालून मारलं. आता हुद्द्यामुळे गोळी सुटली असं मी म्हणणार नाही. पण १९६० साली शार्पव्हिलमध्ये ६९ माणसं मारली गेली त्यानंतर अर्ध्या शतकाने, लोकांनी निवडून दिलेल्या सरकारच्या पोलिसांकडून हे घडावं, याचा अर्थ पाटी बदलताना आतलं काहीतरी तसंच राहून गेलं होतं.

बरं, लोकांचा विश्वास खरोखरच वाढला तर? तिथे मला जॉर्जिया आठवतो आणि मी जास्तच सावध होतो.

२००३च्या नोव्हेंबरात तिथले राष्ट्राध्यक्ष एदुआर्द शेवर्दनाझे यांना राजीनामा द्यावा लागला. त्या काळात तिबिलिसीत गाडी चालवायची म्हणजे दर दोन चौकांनंतर वाहतूक पोलिसाच्या हातात काहीतरी टेकवायचं. पोलीसही ते वरपर्यंत पोचवायचा, कारण पगार नावालाच आणि नोकरीच मुळी पैसे मोजून मिळालेली. मिखाईल साकाश्विली यांच्या सरकारने २००४च्या उन्हाळ्यात सगळं वाहतूक पोलीस खातं एका फटक्यात बरखास्त केलं, १५-१६ हजार माणसं घरी बसवली, नवी तरुण भरती केली, पगार कितीतरी पटींनी वाढवले, नव्या कोऱ्या गाड्या दिल्या. आणि देशभर काचेची पोलीस ठाणी बांधली. रस्त्यावरून जाताना आतलं टेबल, खुर्ची, पोलीस, सगळं दिसावं. चौकातली लाच जवळपास संपली. काही वर्षांतच पाहण्यांमध्ये पोलीस हे लष्कर आणि चर्च यांच्या पंगतीला जाऊन बसले. सुधारणेचा धडा म्हणून हे उदाहरण देशोदेशी दाखवलं जाऊ लागलं आणि ते खोटं नव्हतं. रोजची नाडवणूक थांबणं ही सामान्य माणसासाठी फार मोठी गोष्ट असते. तिला ‘वरवरची’ म्हणणाऱ्यांनी रोज चौकात पैसे मोजून पाहावेत.

पण काच बसली होती दर्शनी भागाला. ७ नोव्हेंबर २००७ला याच नव्या, लोकप्रिय पोलिसांनी विरोधकांचा मोर्चा अश्रुधूर आणि रबरी गोळ्यांनी उधळला. सप्टेंबर २०१२ मध्ये ग्लदानीच्या तुरुंगातल्या छळाच्या चित्रफिती टीव्हीवर आल्या. पहारेकरी कैद्यांचे काय हाल करत होते ते सगळ्या देशाने पाहिलं आणि दोन आठवड्यांत झालेल्या निवडणुकीत सरकार पडलं. त्या तुरुंगाची भिंत काचेची नव्हती. पुढे सत्ता बदलली, पण दल मंत्र्याच्या मुठीत राहण्याची रीत बदलली नाही. २०२४च्या नोव्हेंबर-डिसेंबरात युरोपीय संघात जाण्याची बोलणी सरकारने थांबवली म्हणून लोक रुस्तावेली रस्त्यावर उतरले, तेव्हा तोंडावर मुखवटे चढवलेल्या पोलिसांनी त्यांना गाठून गाठून मारलं. साकाश्विलींच्या विरोधकांच्या हाती गेलेलं हत्यार तितकंच धारदार निघालं.

चिलीची गोष्ट आणखी चकवणारी आहे. तिथल्या काराबिनेरोस या पोलीस दलाचा प्रमुख हुकूमशहा पिनोशेच्या लष्करी मंडळात बसायचा. ११ मार्च १९९० रोजी लोकशाही सरकारकडे सत्ता जायची होती आणि दलाला मोठी स्वायत्तता देणारा कायदा प्रसिद्ध झाला ७ मार्चला. तरी हेच दल पुढची पंचवीसेक वर्षं चिलीतल्या पाहण्यांमध्ये वरच्या क्रमांकावर होतं. लाच खात नाहीत, बोलावलं की येतात, भूकंपात मदतीला धावतात. सगळं खरं. मग कुणी हिशेब कशाला बघेल? २०१७ साली दलातल्या प्रचंड अफरातफरीचं प्रकरण फुटलं. २०१८ साली दक्षिणेत मापुचे या आदिवासी समाजातल्या एका तरुणाला पाठीमागून गोळी लागली आणि पोलिसांनी आधी खोटी हकिकत सांगितली, चित्रीकरणाचं कार्डही नष्ट केलं. २०१९च्या उठावात छर्‍यांनी आणि अश्रुधुराच्या नळकांड्यांनी चारशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. विश्वास कोसळला तो असा की, लोक विचारू लागले, आपण इतकी वर्षं बघत काय होतो? उत्तर सोपं होतं. बघायची सोयच नव्हती, कुणाला तिची गरजही भासली नव्हती.

आणि एल साल्वादोर. यादवी युद्ध संपवणाऱ्या १९९२च्या चापुल्तेपेक करारानंतर तिथे जुनी दलं मोडून नवं नागरी पोलीस दल उभारलं गेलं. त्यात माजी बंडखोर आणि माजी पोलीस ठरलेल्या प्रमाणात घेतले आणि बाकी सगळे नवे. कागदावर याहून चांगला आराखडा दाखवता येणार नाही. पण टोळ्यांच्या हिंसाचाराने लोक इतके कावले की, २७ मार्च २०२२पासून सुरू झालेल्या आणीबाणीत ८० हजारांहून जास्त माणसं उचलली गेली तरी राष्ट्राध्यक्ष बुकेले २०२४ साली प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून आले. पोलिसांवर तिथे आज लोक खूश आहेत. ज्यांचा मुलगा चुकून उचलला गेला, ते सोडून. त्यांनी दाद कुठे मागायची, हे पाहणीत विचारत नाहीत.

मग पुन्हा ढाक्याकडे यावं लागतं, कारण माझ्या मते सगळ्यांत कडू धडा तिथलाच आहे. उठावात मारल्या गेलेल्या पोलिसांची यादी नंतर पोलीस मुख्यालयाने दिली. ४४ नावं. त्यात बहुतेक सगळे कॉन्स्टेबल आणि उपनिरीक्षक. सिराजगंज जिल्ह्यातल्या एनायतपूर ठाण्यात ४ ऑगस्टला एकाच दिवशी किमान १३ जण जमावाने मारले. गोळीबाराचे हुकूम देणारे वरिष्ठ या यादीत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने त्या जुलै-ऑगस्टमध्ये एकूण १,४०० पर्यंत माणसं मेली असावीत असा अंदाज दिला. म्हणजे कुणाच्या बाजूला किती प्रेतं पडली याची बरोबरी मी करत नाही. सांगायचंय ते वेगळंच. वर्षानुवर्षं माणसं बेपत्ता होत होती, ‘चकमकीत’ मरत होती, आणि एकाही अधिकाऱ्याचं नाव घेऊन ‘हे याने केलं’ असं कुणाला नोंदवता येत नव्हतं. नाव घ्यायला जागा नसली की सगळा राग कपड्यावर जातो. त्या दिवशी जमावाच्या लेखी प्रत्येक गणवेश गुन्हेगार होता, कारण त्याआधी एकही वेगळा काढून दाखवलेला नव्हता. पोलिसांना जाब विचारणारी व्यवस्था असली की पोलिसांचं खच्चीकरण होतं, असं वरिष्ठ अधिकारी जगभर सांगतात. ती व्यवस्था नसल्याची किंमत एनायतपूरच्या कॉन्स्टेबलांनी दिली.

बांगलादेशात आजही १८६१चा पोलीस कायदा लागू आहे. त्याच्या पहिल्याच ओळीत पोलिसांना गुन्हे रोखण्याचं आणि शोधण्याचं ‘अधिक कार्यक्षम साधन’ बनवायचंय असं म्हटलंय. ‘साधन’ हा शब्द बघण्यासारखा आहे. साधन सत्तेच्या हातातलं, ते जनतेला उत्तर देत नाही. १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी केलेल्या या कायद्याचा नमुना होता आयर्लंडचा. बंडखोर प्रजेला धाकात ठेवणारी सशस्त्र आयरिश कॉन्स्टॅब्युलरी चार्ल्स नेपियरने १८४३ साली सिंधमध्ये गिरवली आणि तिथून ती उपखंडभर पसरली. आपल्याकडेही राज्याराज्यांतले कायदे नवे झाले तरी सांगाडा ओळखू येतो. पण खरी मौज पुढे आहे. त्याच आयरिश घराण्याची दुसरी शाखा, रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी, उत्तर आयर्लंडमध्ये शिल्लक होती आणि तिची मोडतोड २००१ साली झाली. एकाच मूळपुरुषाचे दोन वंशज, एक ढाक्यात, एक बेलफास्टमध्ये.

बेलफास्टमध्ये पाटी बदलली, नाव बदललं, मुकुटाच्या चिन्हाचा वाद झाला, हे सगळं झालंच. दलात कॅथलिक, म्हणजे ब्रिटिश सत्तेला बहुधा विरोध असलेला समाज, जेमतेम ८ टक्के होते, म्हणून दहा वर्षं निम्मी भरती कॅथलिकांमधून करायची असं ठरलं आणि २०११पर्यंत ते प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास गेलं. पण माझ्या लेखी निर्णायक गोष्ट नोव्हेंबर २००० मध्ये उघडलेल्या एका कार्यालयात घडली. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी पोलिसांनी करायची नाही, ती स्वतंत्र ओम्बड्समनने, म्हणजे तक्रारी तपासणाऱ्या नागरी अधिकाऱ्याने करायची, स्वतःच्या तपास अधिकाऱ्यांकरवी, असा कायदा झाला होता. डिसेंबर २००१ मध्ये पहिल्या ओम्बड्समन नुआला ओ’लोन यांनी ओमा या गावातल्या बॉम्बस्फोटाच्या तपासावर अहवाल दिला. १९९८च्या त्या स्फोटात २९ माणसं मेली होती. आधी मिळालेल्या सूचनांकडे दुर्लक्ष झालं, तपासही ढिसाळ झाला, आणि नेतृत्व कमी पडलं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. नवं दल जेमतेम महिन्याचं होतं. मुख्य अधिकारी रॉनी फ्लॅनगन भडकले, त्यांनी अहवाल साफ नाकारला. पण कार्यालय बंद पडलं नाही, बाईंची बदली झाली नाही. लोकांच्या डोळ्यांदेखत दलाच्या प्रमुखाला एका नागरी अधिकाऱ्याने जाब विचारला, आणि दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत सुरू होतं. तरीही कॅथलिक राष्ट्रवाद्यांच्या शिन फेन पक्षाला या पोलिसांना मान्यता द्यायला जानेवारी २००७ उजाडलं. पाच वर्षांहून जास्त वेळ लागला. तो लागायचाच.

इथे एक आक्षेप मी टाळणार नाही. लोकांना पोलिसांकडून पहिल्यांदा सुरक्षितता हवी असते, सभ्य वागणूक आणि तक्रारीचा हक्क हे पोट भरल्यावरचे विषय, असं म्हणणारे सगळेच हुकूमशहाचे भाट नसतात. पोलीस नीट वागले की लोक त्यांना मानतात, हा अमेरिकेत टॉम टायलर यांच्या अभ्यासातून पुढे आलेला विचार. घानात जस्टिस टँकेबे यांनी तो तपासून पाहिला, तर अक्रातल्या लोकांना पोलीस गुन्हे रोखतात की नाही याचंच जास्त मोल होतं. दक्षिण आफ्रिकेतही खासगी सुरक्षारक्षकांची संख्या पोलिसांच्या कितीतरी पुढे गेली आहे, आणि २०२२ साली तिथल्या मानव विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत पोलिसांवर भरवसा असणारे जेमतेम २२ टक्के निघाले. चोर पकडता येत नसेल तर नम्रतेचं काय करायचं?

मान्य. पण चोर पकडायला माहिती लागते आणि माहिती आणून देणारा माणूस ठाण्याची पायरी चढायला हवा. बांगलादेशात लोक ‘जीडी करायची’ म्हणतात. जनरल डायरी, ठाण्याच्या रोजनाम्यातली नोंद. मोबाइल हरवला, धमकी आली, पोरगं घरी आलं नाही, की जीडी. एखाद्या कॉन्स्टेबलने दम दिला म्हणून आलेल्या बाईने त्याच ठाण्यात, त्याच्याच शेजारच्या टेबलावर, त्याच्याच विरुद्ध जीडी करायची असते. टेबलामागचा माणूस वर न बघता विचारतो, ‘नाव माहीत आहे का?’ छातीवरची पट्टी त्या दिवशी नव्हती. संपलं. ही बाई उद्या गल्लीत शिरलेल्या चोराबद्दल त्याच टेबलाशी येऊन बोलेल, असं समजणाऱ्याला पोलीसकाम कळत नाही.

यात आणखी एक पाचर आहे. हसीनांच्या काळात विरोधकांवर ‘गायबी मामले’ भरले जायचे. न घडलेल्या घटना, शेकडो नावं, वर ‘अज्ञात’ आणखी हजारभर. त्या अज्ञातांच्या रकान्यात कुणालाही बसवता येतं आणि पैसे घेऊन उठवताही येतं. सत्ता बदलल्यावर नव्या खटल्यांमध्ये हाच रकाना पुन्हा भरू लागला. आरोपी आता दुसरे होते एवढंच. लोक त्याला सरळ ‘मामला वाणिज्य’ म्हणतात, खटल्यांचा धंदा. ठाण्यांचे प्रमुख घाऊक बदलले, पण बदलीने माणूस हलतो, रकाना तिथेच राहतो. आणि ठाण्यावर भरवसा नसलेल्या लोकांनी न्याय हातात घेतला. १८ सप्टेंबर २०२४ रोजी एकाच दिवशी ढाका आणि जहांगीरनगर अशा दोन विद्यापीठांच्या आवारात जमावाने दोघांना मारून टाकलं. यात चौकात शिट्ट्या फुंकणाऱ्यांच्याच वयाची पोरं होती.

जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या पोलीस सुधारणा आयोगाने अहवाल दिला. त्यात एक शिफारस अशी की, प्रत्येक ठाण्यात चौकशीसाठी काचेची खोली असावी. अटकेतल्या माणसाला प्रश्न विचारले जातात ती खोली. जीडी घ्यायला नकार देता कामा नये, अशीही एक शिफारस आहे. जॉर्जियाने काच रस्त्याकडेच्या भिंतीला लावली होती, हा आयोग ती आतल्या खोलीला लावा म्हणतो. इतकी नेमकी जागा दाखवणारा सरकारी कागद क्वचित बघायला मिळतो. आता त्या काचेच्या अलीकडे कोण उभं राहणार, वकील की नातेवाईक की दुसरा पोलीसच, हे नियमात लिहून घ्यावं लागेल. आणि काचेला आतून पडदा लावायचा की नाही, हे ठाण्याच्या प्रमुखाने ठरवायचं नाही. त्या प्रमुखाची बदली ज्याच्या सहीने होते, त्यानेही नाही.